आमच्या टेम्पोला टप बसला!

आषाढ सरत आला की आमच्या पेणमध्ये एकच धांदल उडते. गणपतीच्या कारखान्यांतून रात्रंदिवस रंगकाम चालतं, नि पेंढ्यात जपून ठेवलेल्या मूर्ती घेऊन टेम्पो मुंबई-ठाण्याच्या वाटेला लागतात. गेली चार वर्षं त्या टेम्पोंत आमचाही एक असतो. ह्यांची कंपनीतली नोकरी सुटली, तेव्हा कर्ज काढून हा जुना, लहानसा टेम्पो घेतला. एरवी पोहे-पापडांची पोती, आणि मोसमात बाप्पा!

टेम्पोच्या मागच्या उघड्या भागाला हौदा म्हणतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. पाऊस आला की हौद्यावर एक ताडपत्री टाकायची नि दोरीनं आवळायची, एवढीच आमची तयारी. गेल्या वर्षी ती कमी पडली. शाडूच्या चौदा मूर्ती घेऊन हे निघाले आणि पनवेलच्या अलीकडे पावसानं गाठलं. मधे आधार नसल्यामुळे ताडपत्रीत पाण्याची पखाल झाली. वाऱ्यानं एक टोक उचललं नि सगळं पाणी आत! शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. पाणी लागलं की माती सुटते. तीन मूर्ती भिजल्या, त्यातल्या एकीचा हात खांद्यापासून निखळला.

कारखानदारांना तीन मूर्तींची भरपाई द्यावी लागली. पण त्या रात्री हे ताटावरून उठले ते पैशांमुळे नव्हे. म्हणाले, "देवाचा हात माझ्या गाडीत तुटला गं." मला काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. चारी बाजूंनी बंद अशी फायबरची तयार पेटी मिळते, पण किंमत ऐकूनच आम्ही दुकानातून बाहेर आलो. टेम्पोचे हप्ते अजून फिटायचे होते. दुसरा मार्ग म्हणजे लोखंडी पाइपच्या कमानी नि त्यावर शिवलेली ताडपत्री, म्हणजेच टप. कोणी त्याला हूडही म्हणतात. त्याचा अंदाज दहा-बारा हजारांचा निघाला. माझ्या भिशीचे नेमके बारा हजार त्याच महिन्यात आले होते. बी. एड.च्या फीसाठी म्हणून मी ते दोन वर्षं साठवत होते. शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, बी. एड. नाही म्हणून तिथेच अडकलेली. खोटं कशाला सांगू, पैसे काढताना हात जड झाला. पण मी अट घातली : खरेदीला मी बरोबर येणार.

"तिथं तुला काय कळणार?" हे हसून म्हणाले. मीही तोवर तसंच समजत होते.

पहिला धडा सासूबाईंनी दिला. ह्यांनी मधली उंची सहा फूट धरली होती, माणूस आत सरळ उभा राहावा म्हणून. सासूबाई निवडत असलेल्या भाजीतून मान वर न करता म्हणाल्या, "आणि कारखान्याच्या पडवीत गाडी शिरेल का रे?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहातच राहिलो. मूर्ती भरताना टेम्पो पडवीखाली मागे घ्यावा लागतो. टप पन्हळीला अडला, तर मूर्ती भर पावसातून न्याव्या लागणार! टेप घेऊन गेलो. पडवीची उंची सात फूट दहा इंच, हौद्याची जमिनीपासून अडीच फूट. म्हणजे टप पाच फुटांपेक्षा उंच करून चालणार नव्हतं. मधे पाच नि कडेला साडेचार असं ठरलं. मैत्रिणींनो, माप घ्यायचं ते नुसत्या गाडीचं नव्हे. गाडी जिथं जिथं शिरते, त्या प्रत्येक दाराचं घ्या.

दुसरा धडा कमानींचा. माथा सपाट केला की पुन्हा पाणी साचणार, म्हणून कमान गोलच हवी. पाइप घेताना गेज विचारावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पाइप जाड! मला हे उलटं वाटलं होतं. आम्ही १६ गेजचा घेतला. पाइपची उघडी टोकं बंद करून घ्यावीत, नाहीतर आत पाणी राहून तो आतूनच गंजतो. वेल्डिंगचे उंचवटे कानशीनं घासून घ्यावेत, कारण ताडपत्री तिथंच फाटते. आम्ही त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या.

सांगाडा गाडीला वेल्ड करून टाकावा, असं कारागिराचं म्हणणं पडलं. ह्यांनी नको म्हटलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून काढता-घालता येणारा, नटबोल्टचा टप बरा. तरीसुद्धा काम सुरू करण्यापूर्वी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावं. बोल्टसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांना आधी रेडऑक्साइड लावावा, मग रबरी वायसर घालून बोल्ट आवळावेत. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी.

आता ताडपत्री! इथं मात्र मी पुढे झाले. दुकानदार म्हणाला, "बाई, दोनशेवीस चौरस फूट लागेल." मी पर्समधून कागद काढला. हौदा सात फूट लांब, पाच फूट रुंद. एका बाजूचे साडेचार, कमानीच्या गोलाईचे साडेपाच, दुसऱ्या बाजूचे साडेचार, मिळून साडेचौदा. गुणिले सात, म्हणजे साधारण एकशेएक. पुढचा नि मागचा पडदा पाच गुणिले पाच, दोन्ही मिळून पन्नास. दुमडी आणि पदर धरून एकशेसत्तर! दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं नि मुकाट्यानं एकशेसत्तर कापली. वीस रुपये फुटाप्रमाणे हजार रुपये वाचले. सातवीतल्या मुलांना मी क्षेत्रफळ शिकवते, त्याचा असा उपयोग होईलसं वाटलं नव्हतं.

कापड घेताना आपण साडीचं पोत बघतो, तसंच ताडपत्रीचंही बघावं. उजेडात धरून बारीक छिद्रं दिसतात का पाहावं. विणलेल्या प्लॅस्टिकची हलकी ताडपत्री स्वस्त पडते, पण उन्हानं लवकर चिरते. पी.व्ही.सी.चा थर दिलेली जाड ताडपत्री महाग पडली, तरी अधिक टिकते. शिवण झाल्यावर तिथं तांब्याभर पाणी ओतून खाली ठिबकतं का बघावं. रिंगा पितळेच्या, वीतभर अंतरावर घ्याव्यात. लोखंडी रिंग गंजून कापड खाते. आणि जोड कसे असावेत? आपल्या घरावरच्या कौलांसारखे. वरचा पदर खालच्यावर यावा, नि पुढच्या बाजूचा मागच्यावर, म्हणजे वाऱ्याबरोबर पाणी आत शिरत नाही. मागचा पडदा नंबरप्लेट नि लाल दिवे झाकणार नाही, एवढा आखूड ठेवावा.

एकूण हिशेब असा झाला. कमानी नि मजुरी ४,८०० रुपये, ताडपत्री ३,४००, शिलाई नि रिंगा १,१००, नटबोल्ट, रंग नि दोऱ्या ६५०. एकूण ९,९५० रुपये. उरलेले २,०५० मी डब्यात ठेवले. फीची सुरुवात म्हणून!

टप बसल्यावर लगेच माल भरला नाही. अंगणात गाडी उभी केली, हौद्यात वर्तमानपत्रं पसरली आणि नळाची नळी धरून अर्धा तास पाणी मारलं. पुढच्या कोपऱ्यात एक कागद ओला झाला. तिथला पदर आणखी चार इंच वाढवून घेतला, तेव्हा कुठे समाधान झालं. एक गोष्ट घरात सर्वांना बजावून सांगितली, की टप झाला म्हणजे हौद्यात माणसं बसवायची नाहीत. ती मालाची गाडी आहे.

यंदा पहिली खेप निघाली तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. मी शाळेत होते, पण लक्ष फळ्यावर नव्हतं. दुपारी ह्यांचा फोन आला, "सगळे बाप्पा कोरडे पोचले." थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी फॉर्म भरायचा तुझा. ह्या मोसमाचे पहिले पैसे त्यालाच."

फॉर्म केव्हा भरेन तो भरेन. पण ज्या खरेदीत "तुला काय कळणार?" असं म्हणतात, तिथं टेप नि कागद घेऊन एकदा जाऊन उभ्या राहा. पुष्कळ कळतं!