पेन ड्राइव्ह : आवक आपोआप, जावक कोणी नोंदवायची?

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नोकरीची जाहिरात, सारे त्यावरच चालते. उरण परिसरात घरोघरी मोबाईल आले हे खरे. पण मोठा अर्ज भरायचा किंवा कागद छापून घ्यायचा म्हटले की आपली मुले खिशात पेन ड्राइव्ह घालून कुठल्या तरी संगणकाकडे धाव घेतात. त्यातच विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या यंत्रांवर ती रीतसर बसत नाही. चालता संगणक भंगारात घालणे वस्तीच्या अभ्यासिकेला परवडणारे नाही. अशा यंत्रांवर लिनक्स घाला, असे आम्ही कार्यकर्ते सांगत असतो. ही प्रणाली फुकट मिळते. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि जगभरच्या लोकांनी तो वाढवला.

पण लिनक्स बसवले की आठवड्याभरात दोन तक्रारी हमखास येतात. एक, "पेन ड्राइव्ह दिसतच नाही." दुसरी, "दिसला, फाईल टाकली, पण घरी येऊन पाहतो तर आत काहीच नाही." या दोन्हींचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे माउंट.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला वेगळे अक्षर असते. लिनक्सने युनिक्सची जुनी रीत उचलली आहे. तिथे सगळ्या यंत्राचे मिळून एकच कपाट. बाहेरून आलेली डिस्क त्या कपाटातल्या एका रिकाम्या कप्प्याला जोडायची आणि मगच तिच्यातले कागद दिसायचे. या जोडण्याला माउंट करणे म्हणतात. १९९० च्या दशकात हे काम हाताने आज्ञा देऊन करावे लागे, तेही बहुधा यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकालाच. फ्लॉपी घातली तरी पडदा ढिम्म हलत नसे. घरातल्या गृहिणीने किंवा शाळकरी मुलाने ती आज्ञा पाठ करावी, अशी अपेक्षा करणेच चूक होते.

२००३-०४ च्या सुमारास यात मोठा बदल झाला. आज आपण पेन ड्राइव्ह खोचला की प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला ओळखतो आणि एक तात्पुरते नाव देतो. यूडेव्ह नावाचा कार्यक्रम त्याचा प्रकार, नाव, क्रमांक यांची नोंद घेतो. मग पडद्यावरील फाईलींचा कार्यक्रम यूडिस्क्सला विनंती करतो आणि यूडिस्क्स जोडणी करतो. उबुंटूमध्ये हा कप्पा 'मीडिया' या फोल्डरात, आपल्या लॉगिनच्या नावाखाली तयार होतो. सारे दोन-तीन सेकंदांत! आमच्या कचेरीत कागदाला इतकी टेबले फिरावी लागली असती तर मार्चअखेर उजाडली असती.

म्हणजे आवक आपोआप नोंदली जाते. प्रश्न जावकीचा आहे.

आम्हा कारकुनांना हे चटकन समजते. साहेबांनी कागद दिला की हुशार कारकून "झाले साहेब" म्हणतो, कागद टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवतो आणि सवडीने फाईलला लावतो. कर्नलही तसेच करतो. पेन ड्राइव्ह मंद आणि संगणकाची स्मृती वेगवान, म्हणून तो मजकूर आधी स्मृतीत ठेवतो आणि मागाहून ड्राइव्हवर उतरवतो. पडद्यावर "कॉपी झाली" असे दिसले तरी शेवटचे कागद अजून गठ्ठ्यातच असू शकतात. तेवढ्यात कोणी ड्राइव्ह ओढला तर गठ्ठा तसाच राहतो. कधी फाईल अर्धी उतरते, कधी फाईलींची यादीच बिघडते आणि आधीचे कागदही दिसेनासे होतात.

आमच्या ओळखीच्या एका मुलीचे असेच झाले. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पुस्तकाचे पान, सगळे एकाच पेन ड्राइव्हवर होते. एका केंद्रात घाई होती, मागे रांग होती, चालकाने खस्सकन ड्राइव्ह ओढून तिच्या हातात दिला. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. दाखल्याची प्रत पुन्हा काढण्यासाठी आईला कामावर खाडा करावा लागला. मजुरी बुडाली ती बुडालीच. अर्ज वेळेत गेला, पण त्या माउलीचे दोन दिवस कोण भरून देणार?

उपाय एका क्लिकचा आहे. फाईलींच्या खिडकीत ड्राइव्हच्या नावापुढे वर तोंड केलेल्या बाणाचे चिन्ह असते. ते दाबायचे. गठ्ठ्यातले सारे कागद उतरेपर्यंत प्रणाली थांबते, मग जोडणी सोडते, मग ड्राइव्ह काढायचा. मोठी फाईल असेल तर याला मिनिटभरही लागते. तिथे उतावीळपणा नको.

आता पहिली तक्रार, न दिसण्याची. विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने आखलेला ड्राइव्ह बेशिस्तपणे ओढून काढला असेल तर त्याच्यावर 'अपूर्ण काम' अशी खूण राहते. ती पाहून लिनक्स कधी जोडायला नकार देते, तर कधी फक्त वाचू देते. लोक लिनक्सला नावे ठेवतात, वास्तविक गडबड आधीच्या यंत्रावर झालेली असते. विंडोजवर नेऊन ड्राइव्हची तपासणी करून घेतली की बहुतेक वेळा काम होते. दुसरे कारण एक्सफॅट. मोठ्या ड्राइव्हवर ही पद्धत सर्रास असते. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील २०१९ साली खुला केला, त्यानंतर ती कर्नलमध्ये आली. फार जुने लिनक्स असेल तर त्यासाठी वेगळा भाग बसवावा लागतो. सामायिक यंत्रावर आणखी एक गंमत होते. एका मुलाच्या लॉगिनमध्ये जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये "परवानगी नाही" म्हणतो. ज्याने जोडला त्यानेच सोडावा.

आपोआप होणाऱ्या गोष्टींत धोकाही असतो. विंडोजमध्ये पूर्वी ड्राइव्ह जोडला की त्यातला कार्यक्रम न विचारता सुरू होऊ शकत असे. २००८ साली निघालेला कॉन्फिकर हा विषाणू या वाटेनेही पसरला. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंद केली. लिनक्स यापासून अगदी सोवळे आहे असे समजू नका. केडीई प्लाझ्मा या पडद्यात एक दोष २०१८ साली उघड झाला. पेन ड्राइव्हच्या नावातच आज्ञा लिहून ठेवली तर जोडणी करताना ती चालून जाई! दोष लगेच दुरुस्त झाला, पण नुसते नाव वाचणेही धोक्याचे होऊ शकते हे त्यातून दिसले.

आपल्या दारातलेही उदाहरण आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विषाणूने जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक ठप्प केले आणि कंटेनरची कामे हाताने करायची वेळ आली. तो पेन ड्राइव्हने आला नव्हता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून तो शिरला. विश्वासाच्या माणसाकडून आलेले पाकीट यंत्राने बिनदिक्कत फोडले, इतकाच त्याचा अर्थ.

म्हणून अभ्यासिकेच्या यंत्रांवर माझे मत असे, की जोडणी आपोआप होऊ द्यावी, मात्र आतले काही आपोआप उघडू वा चालू होऊ देऊ नये. लिनक्स मिंटमध्ये फाईलींच्या कार्यक्रमाच्या प्राधान्यांत या गोष्टींसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. आपोआप जोडण्याची ठेवा, बाकीच्या काढा. काहीजण जोडणीही बंद ठेवा म्हणतात. जिथे सारे प्रौढ आणि जाणकार बसतात तिथे ते योग्य असेल. आठवी-नववीच्या पोरांसमोर ते केले तर "लिनक्स नको" हीच ओरड परत सुरू होईल.

आणि पालकांनो, पेन ड्राइव्हला मुलाचे नाव द्या. जोडणीच्या कप्प्याला तेच नाव पडते. अभ्यासिकेत एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन ड्राइव्ह एका यंत्राला लागले, तर दुसऱ्याच्या नावापुढे नुसता एकचा आकडा येतो आणि कोणाचा दाखला कोणाकडे गेला याचा पत्ता लागत नाही. फॅट पद्धतीत नावाला अकरा अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा आडनावाचा हट्ट नको. रोमन अक्षरांत मुलाचे नाव आणि पुढे इयत्ता एवढे पुरते.