रीडिंग चुकलं? आता खरा प्रयोग सुरू!

सबमिशन जवळ आलं की जर्नलं या बाकावरून त्या बाकावर फिरू लागतात. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, हे आधीच माहीत असतं. मग रीडिंग थोडं ‘अ‍ॅडजस्ट’ करायला कितीसा वेळ लागतो? पण अशा प्रॅक्टिकलमधून आपण नेमकं शिकतो काय?

नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन, नताशा होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजून पाहिलं. तीन संस्थांमधल्या नऊ कोर्सेसमध्ये त्यांनी लॅब केलेल्या आणि न केलेल्या मुलांचे लेखी परीक्षेतले गुण तपासले. लॅबमध्ये पक्क्या करून घेतलेल्या संकल्पनांवरच्या प्रश्नांतही फरक जवळपास शून्य!

मग लॅबच बंद करायची का? अजिबात नाही. तिचं काम बदलायचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना साधा दोलक दिला. एकदा १० अंशांवरून सोडा, एकदा २० अंशांवरून. आवर्तकाल सारखा येतो का? अनिश्चितता किती? आता पद्धत सुधारा आणि पुन्हा मोजा. जास्त आंदोलनं मोजत गेलं की सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक दिसायला लागतो. ही मुलांची चूक नसते. पुस्तकातलं सूत्रच लहान कोनांपुरतं, अंदाजे असतं. २०१५ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या तुलनेत या मुलांनी स्वतःहून प्रयोगात सुधारणा करण्याचं किंवा सुचवण्याचं प्रमाण १२ पट होतं. ही सवय पुढच्या वर्षीही टिकली.

नोकरीशी याचा संबंध काय? अमेरिकेतल्या २० हून अधिक क्वांटम कंपन्यांशी बोलून संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास मांडला. कोडिंग, डेटाचं विश्लेषण आणि लॅबमध्ये हात चालवायची सवय यांना तिथे मोठी किंमत आहे. आपल्याकडेही २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. तिथल्या यंत्रांची उत्तरं कुठल्याच जर्नलमध्ये आधी लिहिलेली नसतात.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला उत्तर वेगळं आलं तर खोडू नका. ‘असं का आलं असेल?’ एवढी एक ओळ खाली लिहा आणि पुन्हा मोजा. व्हायव्हात सरांनी विचारलंच, तर सांगायला तुमचं स्वतःचं काहीतरी असेल.