दोह्याचं धुकं आणि धावपट्टीचे दिवे

जानेवारीतली पहाट. मुंबईहून येणाऱ्या आईबाबांना घ्यायला तुम्ही हमद विमानतळाकडे निघाला आहात. वेस्ट बेचे मनोरे धुक्यात बुडालेत, पुढच्या गाडीचे लाल दिवे जेमतेम दिसताहेत. विमानांचा माग दाखवणारं अ‍ॅप उघडता, तर आईबाबांचं विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन, न टेकताच पुन्हा वर गेलेलं दिसतं. पोटात गोळा येतो. थोड्याच वेळात त्याच धुक्यात दुसरं विमान मात्र सुखरूप उतरतं. मग आपलंच का परत फिरलं?

याचं उत्तर वैमानिकाच्या धाडसात नाही, एका आकड्यात आहे. आणि तो आकडा ठरवण्यात जमिनीवरच्या दिव्यांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

वाळवंटात धुकं कुठून?

कतार तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. समुद्रावरून दमट हवा किनाऱ्यावर येते. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र आणि वारा मंद असला की जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतची दमट हवाही थंड होते आणि बाष्पाचे अतिशय बारीक थेंब हवेत तरंगू लागतात. २०१४ साली सुरू झालेला हमद विमानतळ तर बराचसा समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभा आहे. सूर्य वर आला की हा थर विरतो. म्हणूनच धुक्याचा गोंधळ बहुधा पहाटे सुरू होतो आणि सकाळी निवळतो.

‘दिसणं’ मोजायचं कसं?

हवामानाच्या बातम्यांमधली दृश्यमानता आणि वैमानिकाला हवी असलेली दृश्यमानता एकच नव्हे. वैमानिकाचा प्रश्न नेमका असतो: धावपट्टीच्या मध्यरेषेवरून मला तिच्या खुणा किंवा दिवे किती लांबपर्यंत दिसतील? या अंतराला ‘रनवे व्हिज्युअल रेंज’ म्हणतात, थोडक्यात आरव्हीआर. ते मोजणारी उपकरणं धावपट्टीच्या कडेला असतात. मोठ्या विमानतळांवर ती विमान टेकण्याच्या जागेजवळ, मध्यावर आणि शेवटाकडे अशी तीन ठिकाणी बसवतात. ती प्रकाशाचा झोत सोडतात आणि धुक्याने त्यातला किती अडवला किंवा विखुरला हे मोजतात. मग संगणक त्यात आणखी दोन गोष्टी धरतो: आभाळात उजेड किती आहे, आणि धावपट्टीचे दिवे किती तेजाने लावले आहेत.

म्हणजे धुकं तसंच राहिलं आणि दिव्यांचं तेज वाढवलं, तर आरव्हीआर वाढतो! एकाच वेळी साधी दृश्यमानता १५० मीटर आणि आरव्हीआर ३०० मीटर असू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात. अर्थात तेज वाढवायलाही मर्यादा आहे. रात्रीच्या धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच इथेही डोळे दिपतात.

इंटरनेटवर हमदचा हवामान संदेश पाहिलात (विमानतळाचं सांकेतिक नाव ओटीएचएच), तर धुक्याच्या दिवशी त्यात ‘आर’ हे अक्षर, त्यापुढे धावपट्टीचा क्रमांक आणि मग मीटरमधला आकडा दिसेल. तोच हा आरव्हीआर. क्रमांक दिशेवरून येतो: हमदच्या दोन समांतर धावपट्ट्या एका बाजूने ३४ आणि दुसऱ्या बाजूने १६, म्हणजे साधारण ३४० आणि १६० अंशांच्या दिशेला आहेत.

६० मीटर उंचीवरचा निर्णय

धुक्यात विमान खाली येतं ते आयएलएस या यंत्रणेच्या आधाराने. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ लहरी वैमानिकाला डावं-उजवं आणि वर-खाली असं दोन्ही सांगतात. पण एका ठरावीक उंचीला वैमानिकाने बाहेर पाहायचं असतं. दिवे दिसले तर पुढे, नाही तर लगेच वर. ही ‘निर्णयाची उंची’.

नेहमीच्या प्रकारात, म्हणजे कॅट १मध्ये, ही उंची किमान ६० मीटर असते आणि आरव्हीआर किमान ५५० मीटर लागतो. कॅट २मध्ये उंची ३० मीटरपर्यंत आणि आरव्हीआर ३०० मीटरपर्यंत खाली येतो. कॅट ३मध्ये निर्णयाची उंची त्याहूनही कमी, किंवा नसतेच. तिथे विमान टेकवण्याचं काम स्वयंचलित यंत्रणा करते.

आता जरा हिशोब करू. उतरताना विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटर. ५५० मीटर दिसणं म्हणजे पुढच्या जेमतेम आठ सेकंदांचा रस्ता दिसणं. ३०० मीटर म्हणजे चार सेकंद.

आणि ६० मीटर उंचीवर असताना धावपट्टीचा उंबरठा अजून साधारण ८५० मीटर पुढे असतो. ५५० मीटर दिसत असताना तो दिसणारच नाही! मग वैमानिक पाहतो तरी काय?

दिव्यांची भाषा

तो पाहतो धावपट्टीच्या आधी जमिनीवर मांडलेले दिवे. पूर्ण व्यवस्था असेल तर ते उंबरठ्याच्या अलीकडे ९०० मीटरपर्यंत पसरलेले असतात. हा आकडा वरच्या ८५०च्या किती जवळ आहे पाहा. निर्णयाच्या क्षणी विमान या दिव्यांच्या रांगेवर पोहोचलेलं असतं. लांबट रांग सांगते की आपण सरळ आहोत, आडव्या पट्ट्या सांगतात की पंख समतल आहेत.

हे दिवे नसतील तर? युरोपीय नियमांप्रमाणे त्याच ६० मीटर उंचीसाठी ५५०ऐवजी १२०० मीटर आरव्हीआर लागतो. विमान तेच, वैमानिक तोच, धुकंही तेच. फक्त दिवे नाहीत म्हणून आकडा दुपटीहून जास्त.

पुढे उंबरठ्यावर हिरवे दिवे. कडेने पांढरे, शेवटच्या टप्प्यात पिवळे. मोठ्या धावपट्ट्यांवर मध्यरेषेवरही दिवे असतात. ते आधी पांढरे, शेवटचे ९०० मीटर उरले की एकाआड एक लाल-पांढरे, आणि शेवटच्या ३०० मीटरला सगळे लाल. धुक्यात शेवट दिसत नसला तरी तो किती जवळ आला हे रंग सांगतो.

वीज गेली तर? कॅट २ आणि ३साठी उंबरठ्याच्या आणि मध्यरेषेच्या दिव्यांना पर्यायी वीज एका सेकंदात मिळावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. चार सेकंदांचा रस्ता दिसत असताना एक सेकंद म्हणजे काय, हे आता तुमच्या लक्षात येईल.

मग आपलंच विमान का फिरलं?

कारण हा आकडा तीन गोष्टी मिळून ठरवतात: धावपट्टी, विमान आणि वैमानिक. तिघांत जे कमी पडेल, त्याची मर्यादा सगळ्यांना लागू. धावपट्टी कॅट ३ची असली, पण विमानातलं एखादं उपकरण बंद असलं किंवा वैमानिकांचं त्या प्रकारचं प्रशिक्षण नसलं, तर किमान आकडा वर जातो. शिवाय धुकं एकसारखं नसतं. वरून पाहताना धावपट्टी स्वच्छ दिसते आणि शेवटच्या क्षणी पातळ थरात शिरल्यावर दिवे हरवतात, असंही होतं. आधी उतरलेलं विमान वेळेत बाजूला झालं नाही, तरीही मागच्याला वर जावं लागतं. म्हणूनच धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, आणि म्हणूनच फलकावर ‘विलंब’ची रांग लागते.

आईबाबा बाहेर येतील तेव्हा आई म्हणेल, “अरे, टेकणार तेवढ्यात वर उचललं, जीव मुठीत धरून बसलो होतो.” तेव्हा तिला सांगा की ते वर जाणं ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. प्रत्येक उतरणीआधी दोन्ही वैमानिक ते आपसात बोलून ठेवतात आणि सिम्युलेटरमध्ये त्याचा वारंवार सराव करतात. ठरलेल्या उंचीवर दिवे दिसले नाहीत, म्हणून ते नियमाप्रमाणे परत फिरले. मग घरी जाताना गाडी मात्र हळू चालवा. आपल्या रस्त्याला आरव्हीआर नसतो.