पोटनिवडणूक आणि मतदारसंघाची स्मृती

ब्रिटनमध्ये पोटनिवडणूक जाहीर झाली की मतदानापूर्वी तेथील वृत्तपत्रांतून एक ठरावीक मजकूर येतो. त्या जागेवर गेल्या आठ-दहा निवडणुकांत कोण निवडून आले, मताधिक्य किती होते, कोणत्या वस्तीचा कल कोणीकडे राहिला, कोणता कारखाना बंद पडल्यावर मते हलली, याचा तो इतिहास असतो. उमेदवारांच्या भाषणांपेक्षा हा इतिहासच तेथे अधिक आस्थेने वाचला जातो, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्यातही एक गोम आहे. २०२५ सालच्या १ मे रोजी रनकॉर्न अँड हेल्स्बी या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आदल्याच वर्षी मजूर पक्षाने १४,६९६ मतांच्या आधिक्याने जिंकलेली ही जागा रिफॉर्म यूके या पक्षाने अवघ्या ६ मतांनी हिरावून घेतली. या जागेचा ‘इतिहास’ सर्वांनी मांडला. वस्तुतः हा मतदारसंघ २०२४ साली नव्या सीमांनुसार प्रथमच अस्तित्वात आला होता. त्याला इतिहास असा एका निवडणुकीचाच. त्यापूर्वीचे जे आकडे छापले गेले ते जुन्या मतदारसंघांची मते नव्या सीमांत बसवून अभ्यासकांनी काढलेले अनुमान होते. तेथील वृत्तसंस्था असे अनुमान विद्यापीठीय अभ्यासकांकडून मुद्दाम करवून घेतात आणि ते अनुमान आहे हे सांगूनच छापतात.

हीच पद्धत ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला लावून पाहावी. शहापूर तालुक्यातले, परंतु मुरबाडच्या बाजूचे किन्हवली गाव घ्या. या परिसरातील सोयरिकी, बाजारहाट, शाळा-कॉलेजातील ये-जा दोन्ही तालुक्यांत सारख्याच चालतात. मतदारसंघाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की मात्र पहिलाच प्रश्न अडतो: कोणत्या मतदारसंघाचा?

१९५२ आणि १९५७ साली ठाणे हा दोन प्रतिनिधी निवडून देणारा मतदारसंघ होता. द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाल्यावर १९६२ साली भिवंडीचे नाव नकाशावर आले. १९६७ साली डहाणू आले. १९७७ साली भिवंडी नाहीसे झाले. शहापूर डहाणूत गेले आणि शेजारचे मुरबाड ठाण्यात. त्यानंतर २००४ पर्यंतच्या सर्व लोकसभा निवडणुकांत या दोन तालुक्यांनी वेगवेगळ्या खासदारांना मते दिली. एकाच लग्नाच्या पंगतीत बसलेल्या सोयऱ्यांचे खासदार निराळे, अशी ही अवस्था होती. २००९ साली भिवंडीचे नाव बत्तीस वर्षांनी पुन्हा उगवले आणि शहापूर व मुरबाड त्यात एकत्र आले. सोबत भिवंडीची यंत्रमागनगरी आणि कल्याणचा पश्चिम भागही आला. साठीपुढच्या मतदाराने आपल्या आयुष्यात गाव न सोडता दोन मतदारसंघांतून मतदान केलेले आहे.

सीमांचा हा खेळ पोटनिवडणुकीत किती विचित्र रूप घेतो याचे उदाहरण मुरबाडनेच पाहिले आहे. ठाणे मतदारसंघात दोन पोटनिवडणुका झाल्या. पहिली १९८२ सालची. १९७७ आणि १९८० अशा दोन्ही वेळी जनता पक्षाकडून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी यांचे मार्च १९८२ मध्ये निधन झाले. म्हाळगी मूळचे पुण्याच्या राजकारणातले; आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवणारा लोकप्रतिनिधी अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या रिक्त जागी भारतीय जनता पक्षाचे जगन्नाथ पाटील निवडून आले. पक्षाची स्थापना १९८० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीनंतर झालेली; त्यामुळे या जागेवर त्या नावाने व चिन्हाने मिळालेला पहिला विजय पोटनिवडणुकीतला ठरला. पण त्यावरून मतदारसंघाचा स्वभाव ठरला म्हणावे तर दोनच वर्षांत, १९८४ साली, काँग्रेसचे शांताराम घोलप निवडून आले. घोलप मुरबाडचे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट हे त्या विजयाचे मोठे कारण खरेच. तथापि मुरबाड तालुक्यापुरते बोलावयाचे तर आपल्याकडचा माणूस दिल्लीला जात आहे ही भावना लाटेहून निराळी मोजली पाहिजे. पुढे १९८९ आणि १९९१ साली राम कापसे, आणि युतीच्या वाटणीत जागा शिवसेनेकडे गेल्यावर १९९६ पासून प्रकाश परांजपे, असा क्रम लागला.

दुसरी पोटनिवडणूक २००८ ची. परांजपे यांचे त्या वर्षी फेब्रुवारीत निधन झाले. त्याच महिन्यात मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आदेश अमलात आला होता. परंतु चालू लोकसभेची रिक्त जागा जुन्या सीमांनुसारच भरावयाची असल्याने मुरबाडच्या मतदाराने मे महिन्यात ठाण्यासाठी मत दिले. शिवसेनेचे आनंद परांजपे जिंकले, राष्ट्रवादी काँग्रेसचे संजीव नाईक हरले. वर्षभरात सार्वत्रिक निवडणूक आली. जिंकलेले परांजपे नव्या कल्याण मतदारसंघातून निवडून आले, हरलेले नाईक नव्या ठाणे मतदारसंघातून निवडून आले, आणि मुरबाडच्या मतदाराला मतदानयंत्रावर यांपैकी एकही नाव दिसले नाही. तो आता भिवंडीत होता. तेथून काँग्रेसचे सुरेश टावरे विजयी झाले. ज्या मताचा जाब विचारण्याची संधीच मतदाराला वर्षभराने उरली नाही, त्या मताला काय अर्थ होता? कायद्याने ते मत पूर्णपणे रीतसर होते, हे सांगावयास नकोच.

पोटनिवडणूक घेण्याची मुदतही या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत ती भरावी, मात्र सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असल्यास सक्ती नाही, असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये कायद्याची अशी मुदत नाही, तीन महिन्यांचा केवळ संकेत आहे. आणि तरीही २०२३ च्या मार्चमध्ये रिक्त झालेली पुण्याची जागा लोकसभेची मुदत संपेपर्यंत रिकामीच राहिली. उच्च न्यायालयाने डिसेंबरात निवडणूक घेण्यास सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. संकेत आणि कायदा यांत बळकट कोणता, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

शहापूरच्या बाजूचा, म्हणजे डहाणूचा, इतिहास याहून खोल आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याचे नेतृत्व करणारे शामराव परुळेकर १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९६७ साली मात्र याच पट्ट्याने जव्हारचे माजी संस्थानिक यशवंतराव मुकणे यांना काँग्रेसच्या चिन्हावर निवडून दिले. आणि आणीबाणीनंतर १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम डहाणूचे खासदार झाले. राजा आणि राजाविरुद्ध लढणाऱ्यांचा वारस यांना दहा वर्षांच्या अंतराने निवडून देणारा मतदारसंघ ‘डावा’ की ‘उजवा’, या प्रश्नाला तेथे फारसा अर्थ उरत नाही. १९८० पासून दामोदर शिंगडा यांनी काँग्रेससाठी ही जागा सलग चार वेळा आणि पुढे २००४ साली पाचव्यांदा जिंकली. मध्ये भाजपचे चिंतामण वनगा आणि काँग्रेसचे शंकर नम येऊन गेले.

२००९ मध्ये डहाणूचे पालघर झाले, त्यात वसई-नालासोपाऱ्याची दाट वस्ती आली आणि पहिल्याच निवडणुकीत बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. २०१४ साली वनगा परतले. त्यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले आणि मे महिन्यात जी पोटनिवडणूक झाली ती पक्षनिष्ठा मोजणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने तपासून पाहावी अशी आहे. भाजप खासदाराचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेचे उमेदवार; काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपचे उमेदवार; आणि काँग्रेसकडून पुन्हा शिंगडा. गावित यांना २,७२,७८२, वनगांना २,४३,२१०, जाधवांना २,२२,८३८, मार्क्सवादी पक्षाचे किरण गहला यांना ७१,८८७ आणि पाच वेळच्या खासदार शिंगडांना ४७,७१४ मते पडली. विजेत्याच्या वाट्याला एकतृतीयांशही मते आली नाहीत. वर्षभरातच, २०१९ साली, हेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले. या कोष्टकात जुन्या इतिहासाशी नाते सांगणारा आकडा एकच, गहला यांचा. १९४५ ची स्मृती तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर अजून मतांच्या रूपाने उभी आहे. बाकीच्या मतांची निष्ठा चिन्हाहून अन्यत्र कोठेतरी आहे.

ती कोठे आहे हे शहापूर विधानसभेच्या निकालांवरून ताडता येते. २०१४ साली येथे राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा जिंकले, शिवसेनेचे दौलत दरोडा हरले. २०१९ साली बरोरा शिवसेनेत आणि दरोडा राष्ट्रवादीत होते, दरोडा जिंकले. २०२४ साली राष्ट्रवादीचेच दोन भाग झाल्यावर दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि दरोडा दोन हजारांच्याही आतील मताधिक्याने टिकले. पक्षांची अशी अदलाबदल झालेली असताना ‘राष्ट्रवादीची मते’, ‘सेनेची मते’ ही भाषा निरर्थक ठरते. त्याच वर्षी भिवंडी लोकसभेत सुरेश म्हात्रे यांनी कपिल पाटील यांचा ६६,१२१ मतांनी पराभव केला. पण अपक्ष निलेश सांबरे यांनी घेतलेली मते २,३१,४१७, म्हणजे मताधिक्याच्या तिपटीहून अधिक होती. दवाखाना, अभ्यासिका, शाळा अशा सेवांच्या आधारावर उभा राहिलेला हा उमेदवार होता. शासनाने पुरवावयाच्या सेवा कोणी खाजगीरीत्या पुरविल्या तर मतदार त्याची नोंद ठेवतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आणि येथे नोंद ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. तानसाचे धरण १८९२ चे. मोडकसागर १९५७ चे. भातसा त्यानंतरचे. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा शहापूर तालुक्यातून व त्याच्या सीमेवरून जातो, आणि त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा विरोधाभास प्रत्येक निवडणुकीत भाषणाचा विषय होतो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पाण्याची मागणी मतदारसंघाची नसते. ती या विहिरीची, त्या पाड्याची असते. मतही त्याच पातळीवर दिले जाते. म्हणून मतदारसंघाचा खरा इतिहास लिहावयाचा तर तो मतदान केंद्राच्या पातळीवरच लिहावा लागेल.

आश्चर्य असे की ब्रिटनमध्ये हे शक्य नाही आणि आपल्याकडे आहे. तेथे निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळतात; कोणत्या गल्लीने कोणाला मत दिले हे अधिकृतपणे कोणालाच कळत नाही. आपल्याकडे ‘नमुना २०’ या तक्त्यात प्रत्येक केंद्राची उमेदवारनिहाय मते प्रसिद्ध होतात. सीमा कितीही बदलोत, किन्हवली परिसरातील केंद्रांचे तक्ते ओळीने मांडले तर येथील मतदानाचा सलग इतिहास मिळू शकतो. अनुमानाची गरजच नाही. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एखाद्या सुटीत करावे असे हे काम आहे.

परंतु हाच तक्ता विद्यार्थ्याच्या आधी कोणाच्या हाती पडतो? निवडून आलेल्या आणि पडलेल्या उमेदवारांच्या. काहीशे मतदारांच्या केंद्रावर कोणी किती मते दिली हे कळले की गुप्त मतदान व्यक्तीपुरते गुप्त राहते, वस्तीपुरते उघडे पडते. एका पाड्याला रस्ता मिळणे आणि शेजारच्या पाड्याचा प्रस्ताव फायलीत पडून राहणे यांच्यामागे हा तक्ता नसेलच, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? पोटनिवडणुकीत तर हे अधिकच बोचते. कारण एकाच जागेवर सारे मंत्रिमंडळ लोटते आणि प्रत्येक केंद्राचा भाव आधीच्या तक्त्यावरून ठरविला जातो. कागदी मतपत्रिकांच्या काळात, जेथे दहशतीची भीती असेल तेथे मतपत्रिका मिसळून मोजण्याचा आदेश निवडणूक आयोग देऊ शकत असे. यंत्रे आल्यावर ते कवच गेले. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ या उपकरणाची सूचना आयोगाने २००८ साली केली, विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २५५व्या अहवालात तिला पाठिंबा दिला. केंद्र शासनाने ती स्वीकारली नाही. गावाचे मत कळले नाही तर विकासाचे नियोजन कसे करणार, असा एक युक्तिवाद त्या वेळी ऐकावयास मिळाला. नियोजनाला लोकसंख्या लागते, पाण्याची पातळी लागते. मतांची संख्या कशाला लागते हे समजणे कठीण आहे.

यातून मार्ग नाही असे नाही. केंद्रांची मते जिल्हा परिषद गटाच्या पातळीवर एकत्र करून प्रसिद्ध केली तर पाडा झाकला जाईल आणि अभ्यासकालाही पुरेसा बारकावा मिळेल. मतदारसंघांच्या सीमा बदलताना जुने निकाल नव्या सीमांत बसवून देण्याचे काम आयोगाने स्वतः करावे. गटनिहाय आकड्यांवरून ते सहज होईल. २००१ च्या घटनादुरुस्तीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या गोठविलेली आहे, आणि त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. त्यानंतर नकाशा पुन्हा उघडला जाईल, आणि तेव्हा शहापूर व मुरबाड एकत्र राहतील की पुन्हा वेगळे होतील हे ठरेल. तोपर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीचा नमुना २० उतरवून घेण्याचे काम मात्र किन्हवलीच्या एखाद्या शिक्षकाला आजही सुरू करता येईल.