रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बिणीच्या तपासणीतही आतडं ठीक. तरीही जेवण झालं की पोटात मुरडा येतो आणि धावत संडास गाठावा लागतो. कुणाचं याउलट पोट दुखतं, पण चार-चार दिवस साफ होत नाही. यालाच आयबीएस म्हणतात. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही की घरचे म्हणतात, "तू फार विचार करतेस." इथूनच रुग्ण एकटा पडायला लागतो.

आत नेमकं काय घडतं? पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याला पुढे सरकण्याचा इशारा मिळतो. सकाळी चहानंतर अनेकांना जावं लागतं, ते यामुळेच. आयबीएसमध्ये ही हालचाल फार जलद, फार मंद किंवा अनियमित होते. शिवाय आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या गॅसने यांना कळ येते. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालते, म्हणून ताण आला की त्रास वाढतो. पण ताणाने वाढणारी वेदना खोटी नसते.

आयबीएस ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६च्या रोम निकषांनुसार, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असेल, दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला जाण्याच्या वेळांच्या संख्येत बदल आणि शौचाच्या स्वरूपात बदल यांपैकी किमान दोन गोष्टी असतील, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर हे निदान होऊ शकतं. मात्र शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

आहाराने बराच फरक पडतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या 'लो फॉडमॅप' पद्धतीत कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, आंबा असे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवतात. मग एकेक पदार्थ परत घेऊन आपल्याला कोणता बाधतो ते शोधतात. हे आहारतज्ज्ञाला विचारूनच करावं. सगळं कायमचं सोडायचं नसतं. लसणाची चव हवी असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रास देणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात नाही. त्यामुळे पाकळ्या वरणात मात्र राहू देऊ नका. इसबगोलाचाही अनेकांना उपयोग होतो. थोड्यापासून सुरुवात करा आणि भरपूर पाणी प्या.

आता घरच्यांचं काम. नैवेद्याचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय करणं आपल्या घरांना नवं नाही. तेच रोज करायला नको; कांदा-लसूण घालण्याआधी एक वाटी भाजी बाजूला काढली तरी पुरतं. "एवढ्याने काय होतंय" म्हणत ताटात वाढू नका. घरात एकच संडास असेल तर सकाळची वेळ ठरवून घ्या. प्रवासात वाटेत थांबावं लागलं तर कुरकुर नको. लग्नकार्यात रुग्ण जेवला नाही तर चारचौघांत कारण विचारू नका. डॉक्टरांकडे एकदा सोबत जा. काय खाल्लं, कधी दुखलं, त्या दिवशी ताण होता का, ही नोंद ठेवायला मदत करा.

रुग्णानेही "काही नाही" म्हणून विषय संपवू नये. "आज बाहेर जमणार नाही, पोट बिघडलंय," असं सरळ सांगावं. आयबीएसने आतड्याला इजा होत नाही, त्यातून कर्करोगही होत नाही. पण तो वर्षानुवर्षं सोबत राहू शकतो. इतका काळ निभवायचा तर औषध आणि पथ्याइतकाच घरच्यांचा विश्वासही लागतो.