मोठे टायर, गिअर आणि डिझेल : पेण-रोह्याच्या चिखलाचा धडा

"मोठे टायर चढवले की ट्रॅक्टर डिझेल कमी खातो," असे हल्ली गट ऑफिसच्या ओट्यावर आणि वजनकाट्याच्या रांगेत सर्रास ऐकू येते. काही सभासदांनी त्यासाठी कर्जाची चौकशीही सुरू केली आहे. मागच्या टायरची नवी जोडी म्हणजे काही किरकोळ खर्च नव्हे. म्हणून या बोलण्यात खरे किती आणि ऐकीव किती, याचा हिशेब सभासद बंधू-भगिनींपुढे मांडावा, या हेतूने हा लेख देत आहोत.

हा समज आला कोठून ते आधी पाहू. आपल्या कार्यक्षेत्रातील काही ट्रॅक्टरमालक गळीत हंगाम आटोपला की पावसाच्या तोंडाला घाट उतरतात आणि रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत भाताच्या चिखलणीची कामे घेतात. तिकडे रुंद, मोठ्या टायरच्या ट्रॅक्टरने काम लवकर उरकले आणि डिझेलही कमी लागले, असा त्यांचा अनुभव आहे. तो अनुभव खोटा नाही. परंतु तिकडचे औषध इकडच्या दुखण्याला लागू पडेलच असे नाही.

डिझेल जाते कोठे?

टाकीतले डिझेल चार वाटांनी खर्च होते. पहिली वाट खऱ्या कामाची, म्हणजे ओझे ओढणे किंवा माती उलटणे. दुसरी, इंजिन स्वतःला फिरवून घेते त्याची. एकेका फेऱ्यामागे थोडे डिझेल इंजिनाच्या घर्षणातच मुरते. तिसरी, चाक जागच्या जागी फिरते त्याची, म्हणजे स्लिपची. चौथी, टायर दबतो, माती दबते त्याची.

गिअर बदलला की फरक पडतो तो दुसऱ्या वाटेत. टायर बदलला की मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या वाटेत. पहिली वाट मात्र कशानेच आटत नाही. दहा टन ओझे कारखान्यापर्यंत आणायचे ते आणायचेच. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचा हिशेब सोपा आहे.

पेण-रोह्यात काय होते?

पेणच्या पश्चिमेला वाशी, शिर्की या बाजूची जमीन खारपट्टीची. खाडीचे पाणी बांधाने अडवून भात पिकवायचे. माती चिकण, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. जुलैत असल्या खाचरात अरुंद टायर खोल रुततो. रुतलेले चाक म्हणजे सतत चढ चढणारे चाक. शिवाय पकड नसल्याने ते गरगर फिरते.

स्लिप मोजायची रीत सोपी आहे. टायरवर खडूने खूण करावी. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे किती अंतर जातात ते मोजावे. मग अवजार लावून, कामाच्या गिअरमध्ये तेच दहा फेरे मोजावेत. समजा, आधी 40 मीटर भरले आणि काम करताना 36, तर स्लिप 10 टक्के. शेतात 10 ते 15 टक्के स्लिप चालते. पण 30 मीटरच भरले तर स्लिप 25 टक्के झाली. म्हणजे चाकापर्यंत पोचलेल्या चार लिटरांपैकी एक लिटर नुसता चिखल घुसळण्यात गेला! अशा ठिकाणी रुंद टायर, कमी हवा किंवा टायरला जोडायची लोखंडी केजव्हील यांनी स्लिप निम्म्यावर आली, तर डिझेल वाचणारच. तिकडे पॉवर टिलरवालेही रबरी टायर काढून लोखंडी चाके घालतात, ते याचसाठी.

रोह्याकडे थोडे निराळे आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिका नदीत उतरते आणि डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्याने शेताला मिळते. त्यामुळे तेथे उन्हाळी भातही होते. वर्षानुवर्षे चिखलणी झालेल्या खाचरात वीतभर खाली घट्ट थर बसतो. त्या थरावर चाक टेकले की साधा टायर आणि केजव्हील एवढ्यावर भागते. महागड्या रुंद टायरची गरज राहत नाही. एकाच जिल्ह्यात, शेजारच्या दोन तालुक्यांत जर उत्तर बदलते, तर आपल्या उसाच्या रस्त्यावर ते बदलणार नाही काय?

आपल्या रस्त्यावर काय होते?

आता आपल्या वाहतुकीकडे येऊ. ट्रॉली आणि ऊस मिळून दहा टन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ती ओढायला वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे 200 किलोचा जोर लागतो. कच्च्या पाणंदीत 500 किलो. पाऊस झालेल्या फडात दीड हजार किलोच्याही पुढे. वीस फुटांत एक फूट असा चढ लागला तर आणखी 500 किलो. फडातून ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टर का गुरगुरतो, हे यावरून कळेल.

जुन्या सभासदांना लोखंडी धावेची बैलगाडी आठवत असेल. तिच्या जागी टायरगाडी आली आणि त्याच बैलजोडीने कितीतरी जास्त ऊस ओढला. कारण लोखंडी धाव मऊ वाटेत रुतत होती, हवेचा टायर रुतत नव्हता. तेव्हा चांगल्या टायरचा फायदा आपण पूर्वीच पाहिला आहे. पण तो फायदा रुतणाऱ्या वाटेवरचा. डांबरी रस्त्यावर चाक रुततही नाही आणि सहसा फिरतही नाही. मग मोठा टायर तेथे वाचवणार काय? उलट त्याचे वजन जास्त. आणि शेतातली 12 पौंड हवा तशीच ठेवून रस्त्यावर आणला तर तो दबत, तापत चालतो. म्हणजे चौथी वाट आणखी रुंद होते.

टायर बदलला की गिअरही बदलतो

ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. समजा, मूळ टायर एका फेऱ्यात 4 मीटर जातो आणि नवा 4.4 मीटर. म्हणजे 10 टक्के मोठा. आता त्याच गिअरमध्ये, त्याच इंजिनवेगाला जो ट्रॅक्टर ताशी 10 किलोमीटर चालत होता तो 11 चालेल. "गाडी पळायला लागली" म्हणून मालक खूष. परंतु जमिनीवर मिळणारा ओढीचा जोर सुमारे 9 टक्क्यांनी घटला. रिकामी ट्रॉली असेल तर बिघडत नाही. इंजिनाचे फेरे कमी होतात आणि थोडे डिझेल वाचते. भरलेली ट्रॉली असेल, चढ असेल, तर इंजिन लोड घेत नाही, काळा धूर ओकते, क्लच तापतो आणि शेवटी ड्रायव्हर एक गिअर खाली येतो. झाले! वाचलेले फेरे परत खर्ची पडले.

याचे बोलके उदाहरण जीपचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण 4.88 होते. 1945 साली कंपनीने शेतकऱ्यासाठी नागरी जीप काढली तेव्हा टायर त्याच मापाचे ठेवले, पण प्रमाण 5.38 केले, म्हणजे ओढ सुमारे 10 टक्के वाढवली. शेतीत वेगापेक्षा जोर मोलाचा, हे त्यांनी ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि ती गाडी आपल्याकडे गावोगाव पोचली. आता अशा जीपला कोणी 10 टक्के मोठे टायर चढवले, तर कारखानदाराने मुद्दाम दिलेला जोर त्याने स्वतःच्या हाताने परत केला. ज्यांना मोठे टायर हवेच असतात ते जाणकार म्हणूनच डिफरन्शियलचे दातेही त्या प्रमाणात बदलून घेतात.

शिवाय मीटर फसवतो. मोठ्या टायरवर गाडी 110 किलोमीटर जाते तेव्हा मीटर 100 दाखवतो. त्यामुळे लिटरमागचा हिशेब नुसत्या मीटरवर केला तर तो चुकणारच. ट्रॅक्टरचा तासांचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असेल तर त्याचीही तीच गत. म्हणून डिझेल मोजायचे ते कामावर : एकरी किती लिटर, टनाच्या खेपेमागे किती लिटर.

बिनखर्चाची बचत

टायरला हात लावण्याआधी हातातला गिअर नीट वापरावा. काम हलके असेल, रिकामी ट्रॉली परत न्यायची असेल, तर एक गिअर वर आणि थ्रॉटल खाली. इंजिन कमी फेऱ्यांत तेच काम करते. जास्त झाले की काय, हे पाहण्याची खूण अशी : चालता चालता थ्रॉटल थोडा वाढवावा. इंजिनाने लगेच उचल घेतली तर ठीक. काळा धूर आला आणि उचल नाही, तर गिअर खाली घ्यावा. कुथत चाललेले इंजिन डिझेलही खाते आणि आयुष्यही खाते.

रोटाव्हेटरला हा नियम लागू नाही. त्याला पीटीओचे ठराविक फेरे लागतात, तेव्हा इंजिनाचा वेग ठरलेलाच राहतो. टायर मोठा असेल तर ट्रॅक्टर पुढे जास्त सरकतो आणि चिखलणी जाडीभरडी होते. तेथे एक गिअर खालीच चालवावे लागते.

हवेचे प्रमाण टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, शेतात कमी आणि वाहतुकीत जास्त ठेवावे. नांगरटीसाठी टायरमध्ये पाणी भरले असेल तर वाहतुकीआधी काढावे. एकेका टायरात दीडशे-दोनशे लिटर पाणी हंगामभर फुकट वाहून नेण्यात काय हशील?

जिवाचा प्रश्न

डिझेलपेक्षा मोठी गोष्ट शेवटी सांगतो. टायर 10 टक्के मोठा झाला की ओढ घटते, तसाच ब्रेकचा जोरही जमिनीवर तेवढाच घटतो. घाट उतरताना किंवा भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर असताना हा फरक जिवावर बेततो. जो चढ ज्या गिअरने चढाल, तो उतार त्याच गिअरने उतरावा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणे म्हणजे मरण विकत घेणे. फोर व्हील ट्रॅक्टरला नुसते मागचे टायर बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण बिघडते आणि दाते-शाफ्ट ताणले जातात. कंपनीने पुस्तकात दिलेल्या मापाबाहेर जाऊ नये, हे उत्तम.

तेव्हा करावे काय?

ज्यांची कमाई मुख्यतः आपल्या ऊस वाहतुकीवर आहे, त्यांनी मोठ्या टायरसाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना चिखलणीला पेण-रोह्याकडे जायचे आहे, त्यांनी आधी केजव्हीलची जोडी घ्यावी. ती काम झाल्यावर काढून ठेवता येते. मात्र ती लावून डांबरी रस्त्यावर येऊ नये. ज्यांचे बहुतेक काम मऊ, ओल्या रानातच आहे, त्यांना कंपनीने मान्य केलेल्या मापांतला रुंद टायर परवडू शकेल. पण आधी खडूची खूण करून स्लिप मोजावी. 15 टक्क्यांच्या आत असेल तर टायर बदलून हाती फारसे काही लागणार नाही.

या हंगामात वाहनमालकांनी एक साधी वही ठेवावी : तारीख, खेप, टन, अंतर, डिझेल. दर खेपेला टाकी काठोकाठ भरून मोजले की झाले. महिन्याभराच्या नोंदी घेऊन गट ऑफिसला यावे. कोणत्या वाटेवर कोणता गिअर, किती हवा, हे आपण तुमच्याच आकड्यांवरून बसून ठरवू. शेजाऱ्याच्या टायरकडे पाहून घेतलेल्या निर्णयापेक्षा स्वतःच्या वहीवरून घेतलेला निर्णय केव्हाही स्वस्त पडेल.