कानाचे मशीन आणि मोबाइल: जुळणी कशी साधावी

कानाचे मशीन लावलेल्या माणसापर्यंत मोबाइलचा आवाज तीन वाटांनी पोहोचतो: हवेतून, चुंबकीय क्षेत्रातून किंवा रेडिओलहरींतून. कोणती वाट उघडी आहे, हे मशीनचा प्रकार, फोनचे मॉडेल आणि फोनमधील काही सेटिंग्ज यांवर ठरते. समोर बसलेल्याचे बोलणे नीट समजणारा माणूस फोनवर अडखळतो, तेव्हा दोष बहुधा मशीनलाच दिला जातो आणि महागडे मशीन कपाटात जाऊन पडते. बऱ्याचदा दोष जुळणीचा असतो. समोरासमोर बोलताना ओठांची हालचाल आणि चेहरा अर्थ लावायला मदत करतात. फोनवर हा आधार नसतो, म्हणून जुळणीतली छोटी उणीवही तिथे लगेच जाणवते.

पुण्याजवळच्या दिघी, भोसरी, मोशी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विषयाला वेगळे वजन आहे. दिघीतून भोसरी एमआयडीसीत आणि पुढे चाकणला शिफ्टसाठी जाणारी घरे पुष्कळ आहेत. पॉवर प्रेस, फोर्जिंग हॅमर, ग्राइंडिंग आणि फेटलिंगची कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांच्या श्रवणशक्तीवर गोंगाटाचा परिणाम होतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या शिफ्टसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदला गेला. तरीही असा बहिरेपणा सावकाश येतो, दुखत नाही, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच काळ उलटलेला असतो.

या बहिरेपणाची एक ठरावीक खूण आहे. ऑडिओमेट्रीच्या आलेखात पहिला खड्डा ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. खालच्या पट्टीतले सूर शाबूत राहतात, वरचे जातात. त्यामुळे बोलण्याचा आवाज पोहोचतो, पण शब्द सुटत नाहीत. ‘ऐकू येतंय, पण कळत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती वरच्या पट्टीतील क्षीण ध्वनीमुळे. ‘साठ’मधला ‘स’ हरवला की ‘आठ’ उरतो, आणि फोनवर सांगितलेला हिशेब चुकतो.

इथे फोनच्या जाळ्याचा संबंध येतो. जुन्या पद्धतीचा टेलिफोन आणि टूजी कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो. ‘स’ची बहुतेक ताकद त्याच्या वर असते. फोनने जे पाठवलेच नाही ते मशीन वाढवू शकत नाही, मग ते कितीही किमतीचे असो. फोरजीवरच्या व्हीओएलटीई कॉलमध्ये एचडी व्हॉइस वापरला गेला तर पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंदावतो आणि व्यंजनांचा मोठा भाग परत येतो. म्हणून गोंगाटाने कान गेलेल्यांसाठी फोनमधले पहिले सेटिंग हेच: सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क किंवा सिमच्या पानावर व्हीओएलटीई, काही फोनांवर ‘फोरजी कॉलिंग’, चालू असावे. घरात सिग्नल कमकुवत असेल तर वाय-फाय कॉलिंगही चालू करावे, नाहीतर अनेक नेटवर्कवर फोन गुपचूप टूजीवर उतरतो. दोन्ही टोकांना सोय असली तरच रुंद पट्टा मिळतो. गावाकडच्या भावाकडे साधा टूजी फोन असेल तर पुण्याच्या टोकाचे सेटिंग उपयोगी पडत नाही. व्हॉट्सअॅपचा कॉलही रुंद पट्ट्याचा असतो, आणि व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात. मशीन वापरणाऱ्या अनेकांना साध्या कॉलपेक्षा तो सोपा वाटतो, यात नवल नाही. श्रवणहानी फार तीव्र असेल तर मात्र वरचे सूर परत मिळूनही उपयोग मर्यादित राहतो.

आता हवेची वाट. फोनच्या स्पीकरमधून निघालेला आवाज मशीनच्या मायक्रोफोनने उचलायचा, एवढेच यात असते. चूक होते ती फोन धरण्यात. कानामागे बसणाऱ्या मशीनचा मायक्रोफोन कानाच्या भोकात नसतो, तो कानाच्या वरच्या कडेमागे असतो. फोन नेहमीसारखा भोकावर दाबला की आवाज मायक्रोफोनला चुकवून जातो. फोन थोडा वर सरकवून, कानापासून किंचित दूर आणि जरा तिरपा धरावा; योग्य जागा हळूहळू हलवून सापडते. फार जवळ नेला तर मशीन शीळ घालते, कारण मशीनमधून गळलेला आवाज फोनवर आपटून पुन्हा मायक्रोफोनात शिरतो. कानाच्या आत बसणाऱ्या मशीनसाठी फोन भोकासमोरच धरायचा असतो.

खिशात ठेवायचे पॉकेट मॉडेल आजही पुष्कळ ज्येष्ठांकडे आहे. त्याचा मायक्रोफोन छातीवरच्या डबीत असतो, कानात फक्त वायरचे टोक. तरी माणसे सवयीने फोन कानालाच लावतात आणि काही ऐकू न आल्याने बंद करतात. फोन डबीजवळ धरला किंवा स्पीकर चालू करून डबीसमोर ठेवला की तोच कॉल ऐकू येतो. ही साधी गोष्ट मशीन देतानाच करून दाखवायला हवी. ती दाखवली जात नाही, हे खेदाचे आहे.

हवेच्या वाटेवर फोनमधील काही सेटिंग्ज परिणाम करतात. आयफोनमध्ये अॅक्सेसिबिलिटीच्या ‘हिअरिंग डिव्हाइसेस’ पानावर श्रवणयंत्र सुसंगततेचे बटण असते. अनेक अँड्रॉइड फोनांत ते फोन अॅपच्या सेटिंग्जमध्ये, तर सॅमसंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीतील श्रवणविषयक पानावर सापडते. ते चालू केले की फोन आपल्या आवाजाची घडण बदलतो, काही मॉडेलांत टेलिकॉइलसाठी (मशीनमधले चुंबकीय वेटोळे, त्याबद्दल पुढे) चुंबकीय क्षेत्रही वाढवतो. काहींना फरक पडतो, काहींना नाही. एक कॉल चालू ठेवून आणि एक बंद ठेवून पाहावा. काही आयफोनांत ‘फोन नॉइज कॅन्सलेशन’ असते. भोवतालचा गोंगाट कमी करण्यासाठी केलेली ही सोय काही मशीनवाल्यांना त्रासदायक ठरते. तसे वाटले तर बंद करावी. स्टिरिओ आवाज एकाच कानाने ऐकणाऱ्यांनी मोनो ऑडिओ चालू करावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा भाग हरवत नाही.

मशीनमध्ये येणारी ‘बझ्झ्’ अशी गुरगुर हा वेगळा प्रश्न आहे. टूजीचा जीएसएम फोन सलग प्रक्षेपण करत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देतो. हे रेडिओठोके मशीनच्या सर्किटमध्ये शिरतात आणि त्याच लयीत गुरगुर ऐकू येते. फोन टॉवरपासून दूर असला की जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो आणि गुरगुर वाढते. म्हणजे व्हीओएलटीईचा इथेही फायदा होतो, कारण जीएसएमची ही ठोक्यांची लय त्यात नसते.

या त्रासाचे मोजमाप अमेरिकेत ठरले. तिथे १९८८ मध्ये टेलिफोन श्रवणयंत्राशी सुसंगत असावेत असा कायदा झाला, २००३ मध्ये तो मोबाइललाही लागू करण्यात आला, आणि २०२४ मध्ये सर्वच नवी मॉडेले सुसंगत असावीत असा निर्णय झाला. फोनच्या माहितीपत्रकात दिसणारे ‘एम३’, ‘एम४’, ‘टी३’, ‘टी४’ हे शिक्के त्यातूनच आले. ‘एम’ म्हणजे मायक्रोफोनने ऐकताना, ‘टी’ म्हणजे टेलिकॉइलने ऐकताना. आकडा जितका मोठा तितकी गडबड कमी. नव्या मोजणीत हे आकडे मागे पडत आहेत, पण जुन्या मॉडेलांवर ते दिसतात. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये अपंगांना सुलभ हँडसेट मिळावेत अशा शिफारशी केल्या. दुकानात मात्र कॅमेरा आणि बॅटरीच विचारली जाते, सुसंगततेची चौकशी कोणी करत नाही. ग्राहकाने ती करायला हवी.

दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची, ती टेलिकॉइलमधून जाते. टेलिकॉइल म्हणजे मशीनमधले तारेचे छोटे वेटोळे. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमधून चुंबकीय क्षेत्र गळत असे. हे वेटोळे ते पकडून त्याचे थेट आवाजात रूपांतर करी, आणि खोलीतला गोंगाट आपोआप वगळला जाई. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३० च्या दशकात या तत्त्वाचे पेटंट घेतले होते. आजच्या मोबाइलमधले क्षेत्र क्षीण असते, म्हणून मशीन ‘टी’वर, म्हणजे टेलिकॉइलवर, टाकूनही आवाज बारीक येऊ शकतो; गळ्यात घालायची लूप जोडली तर तो सुधारतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातली अडचण अशी की विजेच्या मोटारी, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर यांच्याजवळ टेलिकॉइल ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची घरघरही उचलते. शॉप फ्लोअरवर ‘टी’ म्हणूनच निरुपयोगी ठरतो, घरात तोच उत्तम चालतो. कॉल संपल्यावर पुन्हा ‘एम’वर यायला विसरले तर समोरचा माणूस ऐकूच येत नाही.

तिसरी वाट ब्लूटूथची, आणि गोंधळ सर्वाधिक तिथेच. ब्लूटूथ हा एक शब्द असला तरी श्रवणयंत्रांत त्याच्या चार पद्धती नांदतात. अॅपलची पद्धत अॅपलच्या उपकरणांपुरती. तिचे पहिले यंत्र, रीसाउंडचे लिंक्स, २०१४ मध्ये आले. गूगलने २०१८ मध्ये ‘आशा’ नावाची पद्धत जाहीर केली, ती अँड्रॉइड १० पासून मिळते. मात्र प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ती असेलच असे नाही. फोनॅक कंपनीने २०१७ मध्येच साधेच ब्लूटूथ वापरणारी मशीन आणली, ती जवळपास कोणत्याही फोनला जोडता येतात. चौथी पद्धत ब्लूटूथ एलई ऑडिओ. तिची घोषणा २०२० मध्ये झाली आणि तपशील २०२२ मध्ये पूर्ण झाले. सर्व कंपन्यांसाठी एक पद्धत असावी हा तिचा हेतू. ती कमी बॅटरी खाते, आणि ऑराकास्टद्वारे एकाच स्रोतातून अनेकांना आवाज पाठवू शकते. म्हणून ‘मशीन ब्लूटूथचे आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. हातातल्या फोनच्या मॉडेलशी ते चालते का, हे मशीन कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत पाहावे.

जोडणीतही युक्त्या आहेत. अनेक मशीन चालू केल्यानंतर काही मिनिटेच जोडणीसाठी उपलब्ध असतात, म्हणून आधी बॅटरीचे दार उघडून बंद करावे. आयफोनमध्ये अॅपलच्या पद्धतीच्या मशीनची जोडणी नेहमीच्या ब्लूटूथ पानावरून न करता अॅक्सेसिबिलिटीतल्या ‘हिअरिंग डिव्हाइसेस’मधून करावी लागते. मशीन आधी मुलाच्या फोनला जोडलेले असेल आणि तो शेजारच्या खोलीत असेल, तर ते त्यालाच चिकटते. जुनी जोडणी पुसून टाकावी. जोडणी होऊनही कॉलचा आवाज फोनमधूनच येत असेल, तर त्या उपकरणाच्या पानावर कॉलचे बटण बंद असते. आणखी एक: ‘आशा’ पद्धतीत आवाज कानात आला तरी बोलणे फोनच्याच मायक्रोफोनने जाते, त्यामुळे फोन खिशात ठेवून बोलले तर पलीकडच्याला ऐकू जात नाही.

फोन फक्त ऐकवतो असे नाही. गूगलचे लाइव्ह ट्रान्सक्राइब समोरच्याचे बोलणे मराठीतही अक्षरांत उमटवते. दवाखान्यात, बँकेत ते फार उपयोगी ठरते. रिंगसोबत कंपन आणि फ्लॅशचा प्रकाश चालू ठेवता येतो. दाराची घंटा किंवा बाळाचे रडणे ओळखून सूचना देण्याची सोयही अनेक फोनांत आहे.

कामावरची एक बाब निक्षून सांगण्यासारखी. मशीन म्हणजे इअर प्लग नव्हे. बंद केलेले मशीन गोंगाट अडवत नाही, चालू असलेले तो वाढवते. प्रेस शॉपमध्ये मशीन काढून इअर मफ लावणेच योग्य. तिथे ब्लूटूथवर गाणी किंवा कॉल ऐकल्यास क्रेनचा भोंगा आणि सहकाऱ्याची हाक निसटते.

मदतीची ठिकाणे दूर नाहीत. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि चिंचवडच्या मोहननगरात ईएसआयचे. ईएसआयच्या तरतुदींत गोंगाटाने आलेली श्रवणहानी व्यवसायजन्य रोगांत मोडते, त्यामुळे विमाधारक कामगाराने तपासणीचे कागद जपावेत. मुंबईत वांद्रे इथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातली मुख्य केंद्रीय संस्था आहे, आणि अपंगत्व प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचे असल्यास केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकते. तपासणीला जाताना स्वतःचा फोन सोबत न्यावा. ऑडिओलॉजिस्टसमोरच घरच्या माणसाला कॉल लावावा, हवेची आणि ब्लूटूथची वाट तिथेच तपासावी, आणि फोनसाठी वेगळा प्रोग्रॅम मशीनमध्ये भरून घ्यावा. नवा फोन घेतला की जोडणी पुन्हा करावी लागते, आणि फोनचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावरही ती कधीकधी तुटते; तेव्हा जुनी नोंद काढून नव्याने जोडणे पुरते.